एकेका बुटाची खोकी

प्रयोगशाळेत मी पहिल्याच तासाला मुलांना सांगते, की बाटलीवरचं लेबल हा पुरावा नाही. बाबांच्या बुटांच्या दुकानातला नियम नेमका उलटा होता. खोकं उघडायचं ते गिऱ्हाइकासमोरच. आधी उघडलं की आतला पातळ कागद चुरगळतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, कुणीतरी घालून बघितलेला जोड आपल्या गळ्यात मारताहेत. त्यामुळे वर्षअखेरीला माल मोजायचा तो खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून. चिठ्ठीवर नमुना, रंग, माप आणि खरेदीची किंमत. चिठ्ठ्या वाचायच्या, बेरीज करायची, की झाला अखेरचा साठा.

यंदा मोजणीला मला बोलावलं होतं. बाबांना हयातीतच वाटणी उरकायची होती. दुकानाचे तीन हिस्से करायचे ठरले, एक बाबांचा, एक दादाचा, एक धाकट्याचा. मी माझा हिस्सा नको म्हटलं होतं, म्हणूनच दोघा भावांनी मोजणी माझ्यावर सोपवली. दादा दुसऱ्या शहरात नोकरी करतो. "तू काढशील तो आकडा मान्य," असं तो फोनवर म्हणाला होता. दुकान धाकटा ठेवणार होता आणि उरलेल्या दोन हिश्शांचे पैसे कर्ज काढून चुकते करणार होता. त्यासाठी त्याला आपलं राहतं घर गहाण टाकायचं होतं. त्या घराचे हप्ते गेल्याच वर्षी फिटले होते. हप्ते फिटले त्या दिवशी भावजयीने पहिल्यांदा भिंतीत खिळा ठोकला. तोवर भिंत बँकेची होती, असं ती हसत सांगायची.

दुकानाच्या माळ्यावर धाकटा शिडीवर उभा राहून चिठ्ठ्या वाचत होता आणि मी खाली लिहीत होते. मागच्या भिंतीजवळ त्याने एक खोकं बाजूला सरकवायला माझ्या हातात दिलं, ते हलकं लागलं.

"हे रिकामं आहे का रे?"

"रिकामं कशाला असेल? आठ नंबर, काळा, नाडीचा. लिही."

मी झाकण काढलं. आत एकच बूट होता, डाव्या पायाचा. शेजारचं खोकं उघडलं. त्यात दोन बूट होते, पण दोन्ही डावे. तिसऱ्यात एक सात नंबरचा आणि एक नऊ नंबरचा.

धाकटा शिडीवरून खाली उतरला नाही. वरूनच म्हणाला, "ती तसलीच आहेत, ताई. त्या भिंतीची."

"तसलीच म्हणजे?"

"अगं, बाबांची गिऱ्हाइकं. मागच्या रस्त्याला इस्पितळ आहे ना, कृत्रिम पाय बसवतात ते? तिथून येतात लोक. कुणाला एकच बूट हवा असतो. कुणाचा एक पाय लहान, एक मोठा. बाबा दोन खोकी फोडून जोड लावून देतात. एकाच बुटाचे निम्मे पैसे घेतात, आणि समोरचा फारच गरीब दिसला तर तेही नाही. दुसऱ्या कुठल्या दुकानात कोण देतंय असं?"

"आणि उरलेला बूट?"

"परत खोक्यात. बाबा म्हणतात, आज उजवा गेला, उद्या डावावाला येईल."

"येतो?"

"कधीतरी येतो. पण तोवर नमुना बदललेला असतो."

मी हातातल्या बुटाचा तळ अंगठ्याने दाबला. तळाचा तुकडा पडला आणि बोटाला चिकट भुगा लागला. त्या प्रकारचा फेसाळ रबरासारखा तळ हवेतली आर्द्रता शोषून आतून तुटत जातो. बूट कुणी घालो न घालो, त्याचं रसायन थांबत नाही. म्हणजे उद्या डावावाला आला असता, तरी रस्ता ओलांडेपर्यंत त्याचा तळ गळून पडला असता.

मग मी सगळीच खोकी उघडायला सांगितली. धाकट्याने तोंड वाकडं केलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची होती, ताई."

"तीच मूठ तू घर गहाण टाकून विकत घेणार आहेस."

त्याने शिडी दुसऱ्या भिंतीला लावली.

संध्याकाळपर्यंत उघड झालं, की साधारण तीन खोक्यांमागे एक खोकं असं होतं. वर्षानुवर्षं ते पूर्ण जोड म्हणून पूर्ण खरेदी किमतीला मोजलं गेलं होतं. हिशेब तपासणाऱ्या सीएंकडे दरवर्षी फक्त बेरीज जायची. त्यांनी ती बेरीज ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहायची आणि बाबांनी खाली सही करायची. यात लबाडी कुणाचीच नव्हती. खोकी माळ्यावर होती, चिठ्ठ्या खोक्यांवर होत्या.

त्याचा परिणाम समजायला फार शिकावं लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीचा माल, त्यात वर्षभराची खरेदी मिळवायची आणि अखेरीला उरलेला माल वजा करायचा. जे येतं ती विकलेल्या मालाची किंमत. अखेरचा माल फुगवून लिहिला, की विकलेला माल तेवढा स्वस्त पडल्यासारखा दिसतो आणि नफा तेवढाच वाढतो. एकदाच झालं तर पुढच्या वर्षी चूक उलटून अंगावर येते आणि फिटते. पण इथे दरवर्षी आणखी खोकी त्या भिंतीला लागत होती, त्यामुळे चूक कधी उलटलीच नाही. मी गेल्या काही वर्षांचे आकडे त्या त्या वर्षी भर पडलेली अशी खोकी, नमुन्यावरून वर्ष ओळखून, वगळून मांडून पाहिले. जिथे बारीकसा नफा होता, तिथे बारीकसा तोटा आला. तो दरवर्षीच आला.

दादाला फोन केला.

"म्हणजे माझा हिस्सा एक तृतीयांशाने कमी?" तो म्हणाला.

"तिघांचाही."

"धाकट्याने बरं सांगितलं तुला. त्यालाच तर पैसे द्यायचेत."

"त्याने काही सांगितलं नाही. मी खोकी उघडली."

"इतकी वर्षं कुणी उघडली नाहीत, ती आत्ताच बरी उघडलीस." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, पोरीची पहिल्या वर्षाची फी मी या पैशांवर धरली आहे. बाबांनी पुण्य करायचं आणि वजाबाकी माझ्या पानात? बाबांना सांग ना. सांग त्यांना, की दुकान तोट्यात होतं. त्यांनी नव्या आकड्याखाली सही केली, तर मीही करतो."

बाबांना हे सांगायला मी धजणार नाही, हे त्याला माहीत होतं. 'माझं दुकान एक वर्षसुद्धा तोट्यात गेलं नाही,' हे वाक्य आम्ही तिघं ऐकत मोठे झालो. पाहुण्यांना ते पाण्याच्या पेल्याबरोबर मिळायचं.

रात्री धाकट्याच्या घरी जेवताना तो म्हणाला, "राहू दे, ताई. जुनाच आकडा लिही. मी भरीन हप्ते. या वयात बाबांना कशाला दुखवायचं?"

भावजय वाढत होती. तिने डाव खाली ठेवला.

"तुम्ही भराल? दुकान तोट्यात आहे असं ताई आत्ताच म्हणाल्या ना? मग हप्ते कशातून भराल, डाव्या बुटांतून?" ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगितलं तर सून घर फोडते म्हणतील. मामंजींसाठी माझा जीव तुटतो. पण मुलांना घेऊन मी परत भाड्याच्या खोलीत जायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा गल्ल्यावर बसून एका बुटाला नाडी ओवत होते. मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले, जिथे गिऱ्हाईक बूट घालून बघतं.

"मोजून झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. मागच्या भिंतीची खोकी मी उघडली, बाबा."

त्यांचे हात थांबले नाहीत. "एकेकटे आहेत ना?"

"हो."

"पण आहेत ना?"

"आहेत."

"मग माल आहे."

"विकला तर काय येईल, त्यावर मालाची किंमत धरायची, बाबा. खरेदीची किंमत आणि विकून येणारी किंमत, यातली जी कमी ती. त्या बुटांचं काही येणार नाही. तळ गळायला लागलेत."

"मी काय रस्त्यावर फेकले का ते? माणसाचा पाय गेलेला असतो. तो म्हणतो, मला एकच हवा, दोनचे पैसे कशाला घेता? मी काय सांगू त्याला, कंपनी जोडच पाठवते म्हणून?"

"द्यायला नको होतं असं मी म्हणत नाही. मोजायला नको होतं, एवढंच म्हणते."

मी नवं नफा-तोटा पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि बोट एकेका वर्षाखाली नेत वाचलं. बाबा आकडे झरझर वाचतात. त्या दिवशी त्यांना वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "नफा नव्हता, तर दर महिन्याला मी घरखर्चाला जे नेत होतो ते कुठून येत होतं?"

"भांडवलातून."

"म्हणजे आपण दुकान खात होतो?"

"थोडं थोडं."

"आणि तुझं लग्न?"

ते वर्ष नफ्याचं होतं, असं म्हणणं फार सोपं होतं.

"माहीत नाही, बाबा. तेव्हाची खोकी कुणी उघडली नव्हती."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पत्रकावर परत बोट ठेवलं. "ही ओळ काय? 'खराब मालाची घट'?"

"त्याच खोक्यांची किंमत. ती एकूण भांडवलातून वजा केली, मग तीन हिस्से केले."

"खराब कुठे होता माल? मी चांगले जोड फोडले. माझ्या हाताने फोडले. या पोरांना मी विचारलं नव्हतं." ते माझ्याकडे बघू लागले. "मालकाने दुकानातलं काही घरी नेलं तर तुम्ही काय लिहिता?"

ते कुठे चाललेत हे माझ्या लक्षात आलं.

"उचल."

"कुणाच्या खात्यातून जाते ती?"

"मालकाच्या."

"मग हे माझ्या खात्यात लिही. घट नको. उचल लिही. करता येतं का तसं?"

करता येत नाही, असं मी म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. मी शिकलेली, मोजणी माझी. वजाबाकी तिघांत वाटली गेली असती, आणि औषधपाण्याला, म्हातारपणाला त्यांच्या हाती काहीतरी उरलं असतं. पण ते गल्ल्यावर बसून माझ्याकडे बघत होते, आणि वर्गात मला अशा नजरेने प्रश्न विचारला, तर मी चुकीचं उत्तर देत नाही.

"येतं," मी म्हटलं. "पण बाबा, ती रक्कम तुमच्या हिश्शाहून जास्त आहे."

"किती?"

"थोडीशीच."

"म्हणजे माझा हिस्सा संपून वर मीच दुकानाचं देणं लागतो?" ते हसले. हसताना त्यांनी नाडीची गाठ मारली ती चुकली, ती सोडून परत मारली. "बरं झालं. धाकट्याला फुकटचा नोकर मिळाला."

"तुम्हाला काही राहत नाही, बाबा."

"दादाचा हिस्सा पुरता राहतो. धाकट्याचाही. मला द्यायचंच काही उरलं नाही, तर त्याचं कर्ज निम्म्यावर येतं. मग घर कशाला गहाण टाकायचं? चांगल्या मालावर बँक देईल तेवढं." हा हिशेब त्यांनी माझ्याआधी केला होता. "लिही. आणि धाकट्याला आत्ता सांगू नकोस. तो रडायला लागेल, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर बरं दिसत नाही."

मी संध्याकाळी सीएंकडे जाऊन विचारून आले, चुकून दुसरा काही मार्ग असेल म्हणून. मालकाने स्वतःच्या मर्जीने माल दिला असेल तर उचल धरणं बरोबरच आहे, ते म्हणाले. उलट तेच जास्त चोख. ताळेबंद नव्याने टाइप झाला. एका बाजूला फक्त जोड असलेली खोकी, दुसऱ्या बाजूला तीन खाती. एका खात्यात कंसातला आकडा, म्हणजे उणे.

पुढच्या आठवड्यात दादा आला. माळ्यावरची मागची भिंत तोवर मोकळी झाली होती. भंगारवाल्याने खोकी फुकट नेली. बुटांना तो पैसे द्यायला तयार नव्हता, आणि बाबांनी घासाघीस केली नाही. रिकाम्या भिंतीजवळ टेबल मांडून आम्ही बसलो. दादाने आधी आपलं खातं वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. धाकट्याने आपलं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग दोघांची नजर एकदमच खालच्या ओळीवर गेली.

"हे काय आहे?" धाकटा म्हणाला. "बाबांचं हे असं काय? ताई?"

"बरोबर आहे ते," बाबा म्हणाले. "तिने तपासून आणलंय."

"मी हे घेणार नाही. दादा, तू तरी सांग ना. ताई, पहिल्यासारखे तीन सारखे हिस्से कर. माझा कमी होऊ दे, दादा, तुझाही थोडा होऊ दे."

दादा कागद वाचत होता. त्याचं बोट बाबांच्या ओळीवर होतं, कंसाच्या पहिल्या रेघेपाशी. तो काही बोलेल म्हणून आम्ही तिघं थांबलो. बाबांनीही खुर्ची जरा पुढे सरकवली, जणू तो बोलला तर ते त्याला नाही म्हणणार होते आणि त्यासाठी तयार होते. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, काचा थरथरल्या.

"फीची तारीख सोमवार आहे," दादा म्हणाला.

"कर ना सही," बाबा म्हणाले. "पेन आहे की देऊ?"

"आहे," दादा म्हणाला, आणि त्याने सही केली.