गोळी विरघळेपर्यंत

माझी मार्गदर्शक शिक्षिका माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची निघाली, तेव्हाच माझा धीर अर्धा झाला. आमच्या शाळेत नव्या शिक्षकाला पहिलं वर्षभर एक जुना शिक्षक नेमून देतात. त्याने अधूनमधून आपल्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचं, आपण त्याच्या वर्गात बसायचं, आणि वर्ष सरताना मुख्याध्यापिकांनी येऊन आपला एक तास बघायचा. तास जमला तर नोकरी कायम, नाही तर नमस्कार. लेकीच्या जन्मानंतर मी घरी बसले ती बसलेच होते. पुन्हा बाहेर पडायला काय काय गोळा करावं लागलं ते माझं मला ठाऊक. मला नमस्कार नको होता.

मार्गदर्शक बाईंना मुलं पाठीमागे भिंगरी म्हणत. नाव अगदी चपखल होतं. पहिल्यांदा माझा तास बघून ती जिन्यात मला गाठून म्हणाली, "ताई, तुमच्या वर्गात सगळ्यांत हुशार कोण, सांगू?"

"पहिल्या बाकावरची ती दोन वेण्यांची?"

"छे, तुम्ही. सगळी उत्तरं तुम्हीच दिलीत की!"

मला झोंबलं. "मुलं गप्पच बसली होती, मॅडम. मग काय करायचं?"

"बसू द्यायचं गप्प. तुम्ही प्रश्न विचारता, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत घास भरवून मोकळ्या होता." तिने पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. "प्रश्न विचारला की एक तोंडात टाका. विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

"आणि चावली तर?"

"चावलेली मला मागच्या बाकावर ऐकू येते."

दुसऱ्याच दिवशी मी गोळी चावली. मागून मान हलली, नकारार्थी. गप्प बसणं किती अवघड असतं ते आईला विचारावं. वर्गात शांतता झाली की मला वाटे, माझं काहीतरी चुकलंय, कोणाला तरी लागलंय, आता कोणीतरी रडणार. मुलं मात्र माझ्याकडे कौतुकाने बघत. "बाई, घसा बसलाय का?" एकाने विचारलं. मी मान हलवली, कारण बोलायची सोय नव्हती.

घरी सासूबाईंचं वेगळंच पालुपद. माझी लेक अडीच वर्षांची झाली तरी बोटाने दाखवण्यावर भागवायची. मी डॉक्टरांची वेळ घ्यायचं म्हणू लागले की सासूबाई म्हणत, "अगं, तिला बोलायला जागा ठेव जराशी! शेजारीण नाव विचारते पोरीला आणि सांगतेस तू. तुझ्यासारखी वकील घरात असल्यावर ती कशाला तोंड उघडेल?" मी फणकाऱ्याने आत निघून जाई. भिंगरी आणि सासूबाई एकमेकींना ओळखत तर नाहीत ना, अशीही शंका मला येऊन गेली.

मुख्याध्यापिका तास बघायला आल्या त्या दिवशी मी घरून एक टब, एक लोखंडी खिळा आणि लेकीची स्टीलची वाटी नेली होती. मागच्या बाकावर त्या आणि भिंगरी शेजारीशेजारी बसल्या. मुख्याध्यापिकांचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते.

खिळा पाण्यात टाकला, बुडाला. वाटी सोडली, तरंगली. "खिळा एवढासा, तरी बुडाला. वाटी त्याच्यापेक्षा कितीतरी जड, तरी तरंगली. असं का?" असं विचारून मी गोळी तोंडात टाकली.

कोणीही हात वर केला नाही. टबातलं पाणीही स्थिर झालं. खिडकीजवळच्या 'आजोबा'ने चष्मा काढून पुसला. विचार करायला फार वेळ लावतो म्हणून त्याला वर्ग आजोबा म्हणतो. त्याचा हात खांद्यापर्यंत आला, खाली गेला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. गोळी दातांखाली येऊ पाहत होती. गेली नोकरी, मी मनात म्हटलं, आता मुख्याध्यापिका लिहिणार, 'वर्गावर पकड नाही.' आजोबाचा हात पुन्हा वर आला, आणि...

"अरे, वाटी पोकळ आहे ना!" मागून खणखणीत आवाज आला.

मुख्याध्यापिकाच बोलल्या होत्या. सगळा वर्ग वळून बघू लागला. त्या लाल झाल्या.

"मॅडम, तुम्ही हात वर नाही केला," दोन वेण्यांची म्हणाली.

आजोबा उठून उभा राहिला होता. "मी सांगत होतो ना!" तो रडायच्या बेतात होता. "आणि नुसती पोकळ असून चालत नाही. वाटीला भोक पडलं तरी ती पोकळच राहील, पण बुडेल. आत पाणी यायला नको. आत हवाच हवी."

भिंगरीने पर्समधून दुसरी डबी काढून उघडली आणि मुख्याध्यापिकांसमोर धरली. त्यांनी एक गोळी घेतली आणि तास संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

नंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं. "इतकी वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या, "आणि त्या पोराचं वाक्य माझ्यामुळे अडलं. तुम्ही कशा थांबलात हो?"

"गोळी संपली नव्हती," मी खरं ते सांगितलं.

त्या हसल्या. "कायम झाल्याचं पत्र उद्या घेऊन जा. आणि भिंगरीला सांगा, मलाही एक डबी आण म्हणावं." म्हणजे नाव त्यांनाही माहीत होतं!

घरी पोचले तर सासूबाई दारातच. "काय झालं?"

"कायम!" मी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे टिपायला आत गेल्या. लेकीने तिची वाटी ठेवलेल्या माझ्या पर्सकडे बोट दाखवलं. एरवी मी म्हटलं असतं, 'वाटी हवी का माझ्या सोनूला? ही घे.' आज म्हटलं, "काय हवंय?" आणि एक गोळी तोंडात टाकली.

तिने वाट पाहिली. मीही पाहिली. तिने माझ्या गालाचा फुगवटा निरखून बघितला, भुवया जवळ आणल्या.

"आई एकटी खाते. मला पण दे."

आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. अख्खी गोळी हिच्या घशात अडकेल, हा माझा पहिला विचार. म्हणून तिला एक कण देता यावा, यासाठी मी ती अशी कडकन चावली की भिंगरीला मागच्या बाकावर ऐकू गेली असती.