एकशे पाचवं पोर

दारावर थाप पडली आणि इमेल्डा सामारिपाच्या काळजात धस्स झालं. नवरा पवनचक्क्यांवर काम करायचा, जमिनीपासून थेट आभाळात. तिने साखळी न काढताच दार किलकिलं केलं. बाहेर टोपी हातात धरून एक आडदांड माणूस उभा होता.

"नवऱ्याचं काही नाही, घाबरू नका," तो घाईने म्हणाला. "मी रॉइस हाउप्ट, शाळेचा कोच, धडकाधडकीच्या अमेरिकन फुटबॉलचा. तुमची दोन मुलं सोमवारी शाळेत घालताय ना? एक आठवडा थांबाल?"

"का?"

"शुक्रवारी शाळेतल्या मुलांची सरकारी मोजणी आहे. एकशे चार मुलांपर्यंत आम्ही छोट्या शाळांच्या गटात, सहा-सहा जणांचे संघ. एक जरी वाढलं, तरी पुढच्या वर्षी अकरांच्या गटात. आज एकशे तीन आहेत."

"म्हणजे माझी मुलं लपवून ठेवू?"

"लपवू नका हो. जरा उशीर करा." त्याने खाली बघितलं. "माझ्याकडे चौदा पोरं आहेत, बाई. समोर चाळीस असतात. त्यांची दमली की दुसरी येतात. माझी कुठून येणार? मला भीती वाटते."

"भीती मलाही वाटते. तीन गावं बदलली आम्ही. आता एक दिवसही शाळा बुडवायची नाही."

तिने दार लावलं.

सोमवारी एफ्राइन आणि नोएमी शाळेत गेले. मोजणी झाली. वाणसामानाच्या दुकानात तिच्या पाठीमागे कुणी तरी म्हणालं, "हीच ती, एकशे पाचव्या पोराची आई!"

तशी एक वाट होती. सहांच्याच गटात खेळायचं, पण मुलं मर्यादेपेक्षा जास्त म्हणून राज्याच्या करंडकावर पाणी सोडायचं. गावाच्या बैठकीत ते कुणाला रुचलं नाही. "आपण काय बांगड्या भरल्यात?" असं म्हणत सगळे हसले.

एफ्राइनने संघात नाव दिलं.

"तुला काय गरज?" इमेल्डा ओरडली.

"आई, आपल्यामुळे झालं म्हणतात सगळे. मग मी घरात बसू?"

पुढच्या वर्षी सप्टेंबरात अकरांच्या गटातला पहिला सामना झाला. समोरच्या संघाची रांग मैदानाच्या कडेने संपतच नव्हती. मध्यंतरापर्यंत रॉइसची दोन पोरं लंगडत बाहेर आली होती. उरलेली तीच तीच पुन्हा आत जात होती, वाकून, गुडघ्यांवर हात टेकून. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं की इमेल्डा डोळे मिटायची.

एकदा उघडले तेव्हा एफ्राइन आडवा होता. हलत नव्हता.

ती प्रेक्षकांच्या कठड्यावरून मैदानात उतरली कशी, तिलाच कळलं नाही. रॉइस आधीच त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता.

"मान हलवू नकोस, बाळा. बोटं हलव. माझ्याकडे बघ आणि बोटं हलव."

काहीच झालं नाही. डॉक्टर धावत आला. मग डाव्या हाताचं एक बोट हललं, मग सगळी. इमेल्डा तिथेच गवतावर बसली. रडूही येईना.

पोराला रुग्णवाहिकेत चढवलं तसा रॉइस पंचांकडे गेला. "आम्ही खेळत नाही. सामना त्यांचा."

"ए रॉइस, पाय लटपटले काय?" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं.

"हो, लटपटले!" तो वळून म्हणाला. "खाली ये, तुझं पोर उभं कर इथे!"

कुणी उतरलं नाही.

एफ्राइनच्या मानेला पट्टा लागला, पण तो चालत घरी आला. पुढच्या बैठकीत रॉइसने सांगून टाकलं, "सहांचा खेळ, करंडक नको. नाहीतर कोच दुसरा बघा." हात वर यायला वेळ लागला. पण आले.

वसंतात एफ्राइनचा पट्टा निघाला. त्याने पुन्हा खेळायचं म्हटलं आणि इमेल्डा नाही म्हणाली नाही. आता खेळाच्या मोसमात दर शुक्रवारी ती मैदानावर जाते. सहाच पोरं असतात, मोकळी पळतात. तरी कुणी पडलं की ती उभी राहते, आणि ते पोर उठेपर्यंत खाली बसत नाही.