रुंद पांढरा वर

आमच्या एल्डरथ्वेट गावाच्या कॅलेंडरमध्ये जूनचं पान क्लिफर्डचं. क्लिफर्ड म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, बेरिलचा नवरा. एकवीस वर्षं तो दर जूनमध्ये राजा-राणीच्या अधिकृत वाढदिवसाला गावाच्या सभागृहासमोर कॅमेरा लावून बसतो. मागे अख्खं खोरं, दगडी बांध, मेंढ्या आणि पुढे आमचा युनियन जॅक. ढग सरकेपर्यंत तीन-तीन तास बसेल, थर्मासमधला चहा थंडगार होईल, पण बटण दाबणार नाही. "इंग्लंडला घाई खपत नाही," म्हणतो. मला विचाराल तर त्याला घरी जायचं नसायचं, कारण घरी बेरिल.

शिडी लावून झेंडा चढवायचं काम बेरिलचं. त्या झेंड्याला खालची-वरची बाजू असते हे निम्म्या देशाला ठाऊक नाही. काठीच्या बाजूला रुंद पांढरा पट्टा वर हवा. उलटा चढला तर तो 'आम्ही संकटात आहोत' असा इशारा होतो. बेरिल गावोगावचे झेंडे तपासत फिरायची. एकदा बसमधून मध्येच उतरून तिने एका पबवाल्याला चारचौघांत झापलं होतं, "रुंद पांढरा वर, महाशय!" मी खिडकीकडे पाठ करून बसले होते, जणू ही बाई माझी कोणी नव्हेच.

यंदा ऑक्टोबरात पुढच्या वर्षीचे फोटो निवडायला मी आणि माझ्यासोबत कॅलेंडरचं काम बघणारा डेस्मंड बसलो. डेस्मंड नौदलात होता. स्वयंपाकी होता, पण ते तो सांगत नाही.

"थेल्मा, क्लिफर्डचा हा छापता यायचा नाही. झेंडा उलटाय."

"आधी चष्मा पूस."

त्याने पुसला आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. झेंडा उलटाच होता.

"जगात हसं होईल आपलं," डेस्मंड म्हणाला.

"जग म्हणजे दीडशे प्रती."

असं मी तोंडाने म्हटलं खरं, पण माझंही डोकं तापलं होतं. शेवटी मी क्लिफर्डच्या घरी गेले, दुसरा फोटो मागायला.

घर नको तितकं नीटनेटकं होतं. ऑगस्टपासून बेरिल वृद्धाश्रमात आहे. मला ती 'आई' म्हणते. क्लिफर्डला 'द्राक्षं आणणारे गृहस्थ' म्हणते, अहो-जाहो करते.

"झेंडा उलटाय," मी म्हटलं.

"माहितीये. कॅमेऱ्यातून बघतानाच दिसलं."

"मग सांगितलं का नाहीस तिला? तोंड शिवलं होतं?"

त्याने किटली ठेवली. माझ्याकडे पाठ करूनच तो बोलू लागला.

"शिडीवरून खाली बघून तिने मला विचारलं, 'बरोबर आहे ना रे?' सत्तेचाळीस वर्षांत तिने मला कधी विचारलं नव्हतं, थेल्मा. तीच मला सांगायची. मी म्हटलं, बरोबर आहे. इतकी हसली ती. मग मी उन्हाची वाटबिट पाहिली नाही, होता तसा काढला. पुढच्या जूनला ती शिडीवर नसणार हे मला तेव्हाच कळलं होतं." तो वळला. "छापायचा नसेल तर नका छापू. पण जूनच्या पानाला मी दुसरा फोटो देणार नाही."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. चहा न पिताच मी निघाले.

डेस्मंडला सगळं सांगितलं. तो बोटाने टेबलावरचा बिस्किटाचा चुरा गोळा करत राहिला.

"म्हणजे इशारा खराच होता म्हणायचा," तो म्हणाला. "छाप."

"आणि लोक?"

"मी आहे ना नौदलातला! मला येऊन विचारू देत."

नोव्हेंबरात कॅलेंडर आलं. पहिली प्रत घेऊन क्लिफर्ड आणि मी वृद्धाश्रमात गेलो. बेरिल खिडकीशी बसली होती.

"या, बसा ना," ती क्लिफर्डला म्हणाली. "द्राक्षं आणलीत?"

"आणली." त्याने पिशवी ठेवली आणि कॅलेंडरचं जूनचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने मेंढ्यांवरून बोट फिरवलं, मग बांधांवरून. बोट झेंड्यावर येऊन थांबलं आणि कपाळावर ती जुनी आठी उमटली.

"हा उलटाय! कुठल्या गाढवाने चढवला?"

मी तोंड उघडलं, पण क्लिफर्डने माझ्या हातावर हात ठेवला.

"मी," तो म्हणाला. "चुकलं माझं."

बेरिलने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"तुला किती वेळा सांगितलंय, क्लिफर्ड? रुंद पांढरा वर! एक काम धड होत नाही तुझ्याने."

"हो, बेरिल."

"पुढच्या वेळी मला हाक मार."

"मारेन."

शिव्या खाऊन इतका सुखावलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. त्याला डोळेही पुसायचं भान नव्हतं. पाचेक मिनिटांनी तिने त्याला पुन्हा, "तुम्ही इथलेच का हो?" असं विचारलं. त्यानेही अदबीने, "हो, जवळच राहतो," असं उत्तर दिलं.

आता दर गुरुवारी तो द्राक्षं नेतो आणि सोबत कॅलेंडर नेतो. महिना कुठलाही असो, पान जूनचंच उघडतो. बहुतेक वेळा ती नुसत्या मेंढ्या बघते. पण एखाद्या गुरुवारी परतताना तो माझ्या फाटकापाशी थांबतो, टोपी काढतो आणि सांगतो, "थेल्मा, आज ओरडली मला."