एका बाहीचा सदरा

मी एक सदरा बोलतोय. सदरा म्हणणं ही तशी थोडी फुशारकीच झाली, कारण मला बाही एकच आहे, कॉलर नुसती टाचलेली आहे आणि काजं केली आहेत, पण बटणं नाहीत. माझ्या वयाचे सदरे केव्हाच फाटून, फडकी होऊन सुटले. मी अजून पुरा व्हायचाच आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला खातं ते निराळंच, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका शिंपिणीच्या टेबलावर झाला. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, रस्त्याकडे दोन खिडक्या, मध्ये कापायचं टेबल, कोपऱ्यात पायाने चालवायचं मशीन. दारावर पाटी होती, 'शिवणवर्ग, फक्त महिलांसाठी'. शिंपिणीला सगळ्या जणी मास्तर म्हणत. मास्तरांची जीभ कात्रीपेक्षा धारदार, पण कापडावर हात असा हलका की मला कापल्याचं कळलंसुद्धा नाही. निळ्या रेघांचं सुती कापड होतो, एका दुपारी सदऱ्याचे तुकडे झालो.

ते कापड जिने आणलं ती औषधाच्या दुकानात काम करायची, म्हणून तिचं नाव गोळी. खोलीत खऱ्या नावांना बंदी होती. जे माहीतच नाही ते तोंडातून निसटणार कसं, असा मास्तरांचा सरळ विचार. म्हणून कुणी गोळी, कुणी कंडक्टर. एकाच शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या, गणित आणि चित्रकला. शाळेत त्या एकमेकींशी कामापुरतं बोलत आणि इथे एकाच कपातला चहा पीत.

आता पोटातलं सांगतो. त्या वर्गात शिवण कुणीच शिकत नव्हतं. ज्या बायकांचा जीव बायकांवर जडला होता, त्या रविवारी दुपारी तिथे जमत. जमून काय करत? तुम्हाला वाटेल, काहीतरी भयंकर. चहा पीत, भांडत, एकमेकींचे केस विंचरत, एखादी भिंतीला टेकून घोरत असे. नवरा-बायको जे बागेत, रस्त्यात, चारचौघांत सहज करतात, म्हणजे शेजारी बसणं, रुसणं, दुसऱ्याच्या बशीतलं बिस्किट उचलणं, तेवढ्यासाठी यांना आठवडाभर थांबावं लागे.

खालच्या मजल्यावर घरमालक राहायचा. मशीनचा आवाज थांबला की तो जिना चढून यायचा आणि विचारायचा, "आज वर्गाला सुट्टी वाटतं?" म्हणून मास्तरांनी आवाजाची पाळी लावली होती. प्रत्येकीने आपल्या पाळीला मशीनवर बसायचं आणि पाय मारत राहायचं. उगाच दोरा कशाला नासायचा, म्हणून मशीन बिनदोऱ्याचंच खडखडे. गप्पा ऐकता ऐकता ताल चुकला की मास्तर ओरडत, "अगं, शिवतेस की दळतेस?"

शिवाय प्रत्येकीच्या मांडीवर हातशिलाईचं एक कापड हवंच. गोळीच्या मांडीवर मी. कुणी काही पुरं करायचं नाही, हा दुसरा नियम. पुरं झालं तर पुढच्या रविवारी घरी काय सांगणार? दुपारी चार टाके घालायचे आणि निघताना उसवायचे. माझ्या शिवणींची पार चाळण झाली होती. पण मी तक्रार करत नव्हतो, कारण माझं माप कंडक्टरचं होतं आणि कंडक्टर मला आवडायची. उंच, खांद्याने भरलेली, बसमध्ये ओरडून आवाज भारदस्त झालेला. गोळी जवळ बसली की ती म्हणायची, "पुढे सरका, पुढे जागा आहे," आणि तिलाच चिकटून बसायची. गोळी लाजून सुई भलतीकडे टोचायची. एकदा तिच्या बोटातलं रक्त माझ्या काखेत लागलं. त्याचा डाग अजून आहे आणि तो मला दागिन्यासारखा वाटतो.

कधीकधी मास्तर जुन्या गोष्टी सांगत. "ही खोली काही आभाळातून पडली नाही," त्या म्हणत. त्यांच्या तरुणपणी या शहरात अशा बायका वाचनालयात बायकांसाठी राखलेल्या टेबलाशी बसत. महिनोन्‌महिने तेच पुस्तक उघडं ठेवून. ग्रंथपालाला संशय आला तशी त्यांनी पोहण्याच्या तलावावरची बायकांची वेळ धरली.

"पोहायला येत होतं का पण?" चित्रकलेने विचारलं.

"एकीलाही नाही. कठड्याला धरून नुसत्या उभ्या. सर्दीने मेलो." सगळ्या हसल्या. मग नर्सेसच्या वसतिगृहाची गच्ची मिळाली, तिलाही कुलूप लागलं. "पण एक सांगते," मास्तर म्हणाल्या, "प्रत्येक जागा बाहेरच्यांनी घालवली. आपल्यातलीने एकही नाही." त्या वेळी गोळीने मान डोलावली होती. ते आठवलं की आजही माझ्या अंगावर चुण्या पडतात.

मग तो रविवार आला. मशीनवर चित्रकला होती. गोळी आणि कंडक्टर खिडकीशी, मी दोघींच्या मांडीवर पसरलेला. दार वाजलं. आमच्यातलं कुणी दार वाजवत नसे, नुसतं ढकलत असे. क्षणात सगळ्यांच्या हातांत सुया आल्या आणि दारात गोळीची आई उभी राहिली.

"इथूनच जात होते," आई म्हणाली. "म्हटलं, बघावं तरी लेक इतकी वर्षं काय शिकते. साधं बटण तुटलं तर अजून माझ्याकडेच धावते ही."

"या ना, बसा," मास्तर म्हणाल्या.

आई बसली नाही. तिने उभा जन्म लोकांचे कपडे शिवून घर चालवलं होतं. तिचे पाय आपसूक मशीनकडे वळले. "अगं बाई," ती म्हणाली, "मशीनला दोरा कुठाय?"

इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. ऐकणाऱ्याची सोय केली होती, बघणाऱ्याची केलीच नव्हती. चित्रकलेची अशी पाचावर धारण बसली की ती पाय मारायची थांबेचना. मशीन खडखडत होतं, सुई हवेत टाके घालत होती आणि आई एकेकीकडे बघत गेली. शेवटी तिची नजर गोळीच्या कमरेवर थांबली. तिथे कंडक्टरचा हात होता. नेहमीच्या सवयीने ठेवलेला, काढायचा राहून गेलेला.

"काय चाललंय इथे?" आईने विचारलं.

मास्तर काहीतरी बोलायला गेल्या. पण गोळी त्यांच्याआधी उठली. तिने मला दोन्ही खांद्यांना धरलं आणि स्वतःच्या पुढे उभं धरलं. "मी शिवायलाच येते, आई. हा बघ सदरा. बाकीच्या काय करतात मला माहीत नाही. या बायका असल्या आहेत हे मला आज कळतंय. मी यांच्यातली नाही."

कंडक्टरचा हात कधीच खाली गेला होता. ती हळू म्हणाली, "हे माझ्याकडे बघून म्हण."

गोळीने बघितलं नाही. तिचं तोंड माझ्या आड होतं. मी तेवढा रुंद होतो, कारण मी कंडक्टरच्या मापाचा होतो.

आईने गोळीला दंडाला धरून नेलं आणि जिना उतरताना घरमालकाचं दार ठोठावलं. तो महिना सरायच्या आत मास्तरांना खोली सोडावी लागली. गोळी तेव्हा तिथे नव्हती, पण पाटी काढलेली तिने रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने पाहिली. मी तिच्या पिशवीत होतो. तिला आत जाऊन निदान टेबल उचलायला हात लावायचा होता. पाय उचलला नाही. कानावर हात ठेवलेल्या माणसाला मदतीला जायचं तोंड कुठलं?

त्यानंतर मी ट्रंकेत गेलो. डांबराच्या गोळ्यांत कापड टिकतं म्हणतात, मीही टिकलो. पण त्या घरात काय शिल्लक होतं ते मलाच ठाऊक. गोळी दुकानात जायची आणि यायची, चालत. बसमध्ये ती पुन्हा कधी चढली नाही. भर पावसात भिजत आली तरी नाही. रस्त्याने बस गेली की ती दुकानांच्या काचांकडे तोंड करायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. लग्नाची स्थळं आली, तिने एकेक परतवलं. आई म्हणायची, "त्या बायकांच्या तावडीतून तुला वेळेवर सोडवलं म्हणून बरं." गोळी ताट उचलून मोरीत न्यायची आणि नळ मोठा सोडायची.

अधूनमधून ती मला बाहेर काढायची. सुईत दोरा ओवायची आणि मला मांडीवर घेऊन नुसती बसायची. तिचं डोकं खाली झुकलेलं असायचं आणि मी ओला व्हायचो. मला वाटायचं, मी नसतो तर? हातात पुढे धरायला काहीच नसतं, तर ती खरं बोलली असती का? ज्याच्या आडोशाने खोटं बोललं गेलं त्याला 'मी तर नुसतं कापड' म्हणून मोकळं होता येत नाही. मी तरी झालो नाही.

वर्षं गेली. गोळीच्या केसांत रुपेरी दोरे आले. एक दिवस दुकानात दोन मुली आल्या, हातात हात घालून, बिनघोर. त्यांनी एक कागद पुढे केला आणि विचारलं, "काकू, काचेवर लावू का?" बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा मेळावा, वाचनालयाच्या सभागृहात, सर्वांना आमंत्रण. या शहरात पूर्वी आपण कुठे भेटत होतो, या विषयावर एक ज्येष्ठ शिंपीण बोलणार होत्या. गोळीने चिकटपट्टी घेतली आणि तो कागद स्वतःच्या हाताने लावला. वाकडा लागला, पण तिने तो तसाच ठेवला.

मेळाव्याला ती मला पिशवीत घालून गेली. ज्या वाचनालयात पूर्वी बायका पुस्तकाआड बसत, तिथे आता दारावर पाटी लावून खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तर वाकल्या होत्या, पण जीभ तीच. तलावाची गोष्ट झाली, गच्चीची झाली, बिनदोऱ्याच्या मशीनची झाली; पोरी पोट धरून हसल्या. मग एकीने विचारलं, "पण ती खोली गेली कशी?"

मास्तरांना मागच्या रांगेतली गोळी दिसली असावी. "घरमालकाला जागा हवी होती," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांनंतरही त्या तिला झाकत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं. गोळी उठली. "खोटं आहे ते," ती म्हणाली. "खोली माझ्यामुळे गेली. मी घाबरले आणि सगळ्यांना परकं केलं." हसणाऱ्या पोरी मागे वळून बघू लागल्या.

सगळं आटोपल्यावर ती मास्तरांच्या पायाशी बसली. "मास्तर, मला माफ करा."

"माफी मागायला आलीस की हलकी व्हायला?" मास्तर म्हणाल्या. "माझं काय, मी दुसरीकडे मशीन मांडलं. ज्यांना दुसरीकडे नव्हतं त्या घरात कोंडून राहिल्या. गणिताने त्याच वर्षी लग्न केलं. चित्रकला गाव सोडून गेली."

"आणि कंडक्टर?"

"आहे. बरी आहे. तुझं तोंड बघायचं नाही म्हणते, आणि मी तिची समजूत घालणार नाही." मग मास्तरांचा आवाज थोडा उतरला. "'मी यांच्यातली नाही' हे तू मला सांगितलं होतंस का? ज्या आईला सांगितलंस तिला जाऊन खरं सांग."

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, बोटांनीच सगळं कळतं. गोळीने मला तिच्या मांडीवर ठेवलं. आईची बोटं माझ्यावरून फिरू लागली.

"आई, त्या खोलीत मी तुझ्याशी खोटं बोलले. मी शिवायला जात नव्हते. माझ्या कमरेवर जिचा हात होता ना, तिच्यासाठी जात होते. तुला त्या बायका जशा दिसल्या, तशीच मी आहे. पहिल्यापासून."

आईची बोटं थांबली. वाटाण्याचं भांडं तिने बाजूला सारलं, ते कलंडलं आणि दाणे जमिनीवर घरंगळले. दोघींपैकी कुणी ते वेचायला वाकलं नाही. "मी तुला वाचवायला गेले होते गं," आई म्हणाली.

"माहीत आहे."

"तू तेव्हा खरं सांगितलं असतंस तर..."

"तर तू घरमालकाकडे गेली नसतीस?"

मी आईच्या मांडीवर होतो, म्हणून मला कळलं. तिला 'नाही' म्हणायचं होतं. खोटं बोलायला ती वेळ किती सोपी होती! पण म्हातारी माझ्या मालकिणीपेक्षा धीट निघाली.

"गेले असते," ती म्हणाली. "रागारागात गेलेच असते. पण मोडतेय ते माझ्या लेकीचं घर आहे, एवढं तरी ठाऊक असतं मला." मग तिने मला तोंडाशी नेलं आणि रडली. लेकीचं पाणी मी खूप प्यालो होतो, आईचं त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो.

डोळे पुसून ती म्हणाली, "त्या शिंपिणीकडे ने मला."

"ती तुला दारातून हाकलेल, आई."

"हाकलू दे. माझं आहे ते मीच भोगायला हवं."

उद्या आम्ही जाणार आहोत, तिघं. तिथे काय होईल ते मला ठाऊक नाही. मास्तर दार उघडतील, न उघडतील. कंडक्टर तर नाहीच येणार. मला क्षमा मागायला तोंड नाही, पण एक विनंती करतो. मला ट्रंकेत टाका, पायपुसणं करा, माझी फडकी फाडा, माझी काही हरकत नाही. फक्त पुन्हा कुणी मला पुढे धरून, माझ्याआड तोंड लपवून 'मी यांच्यातली नाही' म्हणू नका. घाबरलात तर सरळ घाबरा, रडा, पळून जा. पण शेजारी बसलेल्या बाईकडे एकदा बघून जा.