सिंगापूरला व्हिसा लागत नाही

‘सिंगापूरला व्हिसा लागत नाही गं. पासपोर्ट घे आणि ये,’ लुझताईने फोनवर सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. सिंगापूरवाल्यांची मेरिदेलला काही हरकत नव्हती. हरकत निघाली ती तिच्या स्वतःच्याच देशाची.

लुझ नऊ वर्षं तिकडे लोकांच्या घरी राबत होती. आता तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि आज संध्याकाळी ऑपरेशन होतं. मालकीणबाई चांगल्या होत्या, पण शुद्धीवर आल्यावर उशाशी मालकीणबाई दिसून काय उपयोग? म्हणून लुझने तिकीट पाठवलं आणि मेरिदेल चार दिवसांसाठी खानावळ शेजारणीच्या गळ्यात घालून, रात्रभर बसने हाडं खिळखिळी करून घेत मनिलाच्या विमानतळावर आली. आणि पासपोर्ट तपासायच्या रांगेतून तिला बाजूला काढून या खोलीत आणून बसवलं.

समोरचा अधिकारी कोळंबीच्या खारात बुडवून कैरी खात होता. मधूनच बोट चाटायचा आणि तेच बोट तिच्या फोनवर फिरवून फोटो बघायचा. तिचे, तिच्या मैत्रिणींचे, समुद्रावरचे. समुद्रावरच्या फोटोंपाशी बोट जरा रेंगाळायचं. मेरिदेलला शिसारी आली, पण चेहरा गरीब ठेवणं भाग होतं.

‘खर्च कोणाचा?’

‘बहिणीचा, सर.’

‘बहीण काय करते?’

‘घरकाम.’

‘मग तूही घरकामालाच चाललीस. सरळ सांग ना.’

‘नाही हो सर. तिचं आज ऑपरेशन आहे. हे हॉस्पिटलचं पत्र बघा.’

‘पत्रं सगळ्याच आणतात.’ त्याने पत्राला हातसुद्धा लावला नाही. ‘लग्न झालंय?’

‘नाही.’

‘बॉयफ्रेंड?’

‘नाही, सर.’

‘इतकी गोड मुलगी आणि कोणीच नाही?’ तो दातात अडकलेली कैरी नखाने काढत हसला.

त्या हातावर थुंकावं असं तिला वाटलं. ती म्हणाली, ‘सर, विमान सुटेल.’

तेवढ्यात त्याचं बोट थांबलं. त्याने फोन तिच्यासमोर धरला. ‘आणि हे काय?’

हे म्हणजे वस्तीच्या नाक्यावरचा फलक. कप्तान म्हणजे वस्तीने निवडून दिलेला पुढारी, आणि वस्तीत काहीही झालं की आमचे कप्तान तुतो फलक लावतात, असं सगळे म्हणायचे. कोणी नर्सिंग पास झालं, फलक. गटारावर फरशी बसली, फलक. प्रत्येकावर कप्तानांचा दात दाखवणारा चेहरा मोठा आणि ज्याचं कौतुक त्याचा चेहरा टपाल तिकिटाएवढा. मेरिदेल विमानात बसणार असं कळल्यावर त्यांना राहवलं नाही. ‘परदेशी निघालेल्या आमच्या लाडक्या कन्येस नव्या आयुष्यासाठी शुभेच्छा!’ ती म्हणाली होती, ‘कप्तान, मी चारच दिवसांसाठी जातेय हो.’ ते म्हणाले, ‘चार दिवस काय नि चार वर्षं काय, परदेश तो परदेश! मतदान तोंडावर आलंय, उभी राहा इथे, हस.’ थोरामोठ्यांना नाही कसं म्हणायचं? ती उभी राहिली, हसली, आणि ताईला दाखवून दोघी पोट धरधरून हसू म्हणून फोटो फोनमध्ये ठेवला.

‘चार दिवसांच्या पर्यटकाला अशी पाठवणी?’ अधिकारी म्हणाला.

‘सर, ते कप्तान सगळ्यांचेच लावतात. त्यांना मतं हवीत.’

‘म्हणजे कप्तान खोटारडे.’

‘हो, सर.’

‘आणि तू तेवढी खरी.’ त्याने शेजारच्या टेबलावरच्या बाईला फोटो दाखवला आणि दोघं खो खो हसली. मग विमानाच्या पासवर ‘रद्द’चा शिक्का पडला. ‘तुझ्याच भल्यासाठी करतोय, बाळ. तिकडे पोरींना नेऊन विकतात.’

विकतात हे खोटं नव्हतं. तिच्याच शाळेतली एक अशी गेली ती परत आली नव्हती. पण ती काळजी या माणसाच्या तोंडी! तिने फोनसाठी हात पुढे केला. फोन परत मिळाला तेव्हा काचेवर कैरीचा आणि खाराचा ओशट पट्टा होता. तिने तो झग्याला पुसला, पुन्हा पुसला, तरी वास जाईना.

घरी जायला पाय उचलेना आणि ताईला कळवायला जीभ. ती बाहेरून येणाऱ्यांच्या दालनात जाऊन बसून राहिली. तिथे गिटारवाले गात होते आणि व्हिसाशिवाय आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा पडत होत्या. एक लालबुंद म्हातारा ढेरी सावरत आला आणि न्यायला आलेल्या मुलीच्या कमरेत त्याने हात घातला. मुलगी मेरिदेलहूनही लहान दिसत होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं, लग्न झालंय का, आणि हिच्याशी तुझं नातं काय. तिला सगळ्याची किळस आली, त्या गाण्याची, माळांची, कप्तानांच्या दातांची, आणि तिथे ‘सर, सर’ करत बसलेल्या स्वतःचीसुद्धा.

संध्याकाळी फोन वाजला. लुझताई. गाणी ऐकू जाऊ नयेत म्हणून मेरिदेल धावत संडासात शिरली आणि कडी लावली. फरशीवर घाण पाणी साचलं होतं, वासाने डोळ्यांत पाणी आलं.

‘पोचलीस का गं?’ ताईचा आवाज बारीक झाला होता.

मेरिदेलने तोंडावर हात धरला. मग काढला. ‘पोचले ना.’

‘मग वर ये की. आत न्यायला आलेत मला.’

‘वर सोडत नाहीत गं. खाली बसलेय मी, अगदी दाराशी.’

‘बाई बाई, किती कडक ही माणसं!’ लुझ म्हणाली, आणि मग तिकडे कोणाला तरी मोठ्या अभिमानाने सांगताना ऐकू आली, ‘माझी बहीण आलीय. खाली बसलीय.’ पुन्हा फोनवर येऊन म्हणाली, ‘आता मला भीती नाही वाटत. तू तेवढी तिथून हलू नकोस हं.’

‘नाही हलत, ताई.’

फोन बंद झाला. बाहेरून कोणीतरी दारावर थापा मारत होतं, ‘अहो, आत झोपलात की काय?’ मेरिदेल त्या घाणीत, भिंतीला पाठ लावून, उभी राहिली. ती हलली नाही.