दोन चाव्या

दोन खोल्यांचा, दुसऱ्या मजल्यावरचा, भाड्याचा फ्लॅट. पण मला तो इतका आवडला होता की मी आठवडाभर स्वप्नात त्याच्याच फरश्या पुसत होते. मेहकरच्या बाहेर नवा ले-आऊट पडलाय, तिथे. नवरा राम मेहकरला मोटारपंपाच्या दुकानात, मी तिथल्याच एका लॅबमध्ये. तीन वर्षं आम्ही सुलतानपूरहून ये-जा करत होतो. गावचं घर चांगलं आहे, माणसंही चांगली आहेत, फक्त नऊ आहेत. माझ्या कपाटात कधी दिराचा चार्जर सापडतो, कधी लसणाच्या गड्ड्या. सदानकदा कोणीतरी घरात असतंच, म्हणून त्या घराला कुलूप नाही. मग माझ्या कपाटाला कुठलं? मला एकदा स्वतःच्या चावीनं स्वतःचं दार उघडायचं होतं. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

अडचण घरमालकाची होती. हिंमतराव समोरच्याच बंगल्यात राहतात आणि भारी काटेकोर. त्यांनी एक चावी हातावर ठेवून बजावलं होतं, "सामान आणा, दूध उतू घाला. अकराला मी स्टॅम्पपेपर घेऊन येतो. राहणारे कसे आहेत ते पाहून सही करीन."

दुसरी अडचण मॅटाडोरात बसून आली. माझ्या सासूबाई, सोजराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. "घर लावून देतो," म्हणाल्या. किती दिवस ते नाही म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत दोन लुगडी दिसली आणि माझं तोंड पडलं.

साडेदहाला दूध गॅसवर ठेवलं. आत्याबाई हळदी-कुंकवाची वाटी घेऊन चौकटीला बोटं लावायला बाहेर गेल्या. मी पाहायला गेले, राम फोटो काढायला. तेवढ्यात वारा आला आणि दार धाडकन लागलं. ओढलं की आपोआप बंद होणारं लॅच आमच्यापैकी कोणी कधी वापरलंच नव्हतं. चावी आत ओट्यावर, दूध आत गॅसवर आणि आम्ही तिघं बाहेर जिन्यात!

"काऊन लावलं बे दार?" आत्याबाई रामवर खेकसल्या.

"मी कुठं लावलं माय, ते सोताच लागलं!" राम दाराला खांदा मारत म्हणाला. मग मला हळूच, "मालकाले सांगू नको. सहीच नाही करनार तो."

आतून चर्रर आवाज आला, पाठोपाठ करपट वास. घर हातचं गेलं तरी चालेल, पण जळायला नको. मी जिन्याच्या खिडकीतून जोरात हाक मारली, "काकाऽऽ! दुसरी चावी घेऊन या! दूध जळून राह्यलं!"

हिंमतराव बनियनवरच धावत आले. दार उघडलं, मी गॅस बंद केला. दूध ओट्यावरून उतरून पार फरशीपर्यंत आलं होतं आणि नव्याकोऱ्या ओट्यावर तपकिरी डाग. हिंमतराव त्या डागाकडे पाहतच राहिले. मी मनातल्या मनात सामान परत मॅटाडोरात भरलंसुद्धा.

आत्याबाई पदर खोचून पुढे झाल्या. "पाहा मालक, आमी चार थेंब उतू घालनार होतो, तुमच्या घरानं पुरं लिटर घेतलं. आता नाही म्हनसान तर घरच रुसन तुमच्यावर."

हिंमतरावांना हसू आवरेना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लपवलं नाही, हाक मारली, हे बरं केलं पोरी." आणि सही झाली! मला तिथेच नाचावंसं वाटत होतं.

पण ओट्यावरची आणि स्वतःकडची अशा दोन्ही चाव्या त्यांनी दिल्या त्या एक रामला आणि एक आत्याबाईंना, वडीलधाऱ्या म्हणून. आत्याबाईंनी ती पदराला गाठ मारून बांधली. पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. एवढा राग आला की ओटा तीनदा घासला. डाग निघाला, राग नाही.

चार वाजता आत्याबाई एकदम उठल्या. "निंगतो मी. ते जुने लुगडे फरशी पुसाले राहू दे." दाराशी जाऊन थबकल्या. "रुपाली, एकडाव मले लावू दे."

आम्हाला बाहेर घेऊन त्यांनी दार ओढलं. गाठ सोडली, चावी फिरवली, दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. हसल्या.

"चाळीस वर्सं झाले लग्नाले, चावी कधी हातात आली नाही. घराले कुलूप कायले लागते? मीच होती ना घरात." असं म्हणून त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली.

सकाळपासून मला तीच हवी होती, पण मूठ मिटेना. डोळे भरून आले. मी ती चावी परत त्यांच्या पदराला बांधली, चांगली दोन गाठी मारून. आणि रामच्या खिशातली काढून घेतली.

"हे तुमची, आत्याबाई. कवाबी या, उघडा अन् आत या. बेल नका वाजवू."

"अन् मी?" राम म्हणाला.

"तू वाजव बेल," आत्याबाई म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.