ट्रॅक्टरचे ब्रेक, चिकलठाण्याची धावपट्टी

खोलीत ट्रॅक्टरचे पाच भाग होते: सीट, गिअरची दांडी, रेसची दांडी आणि ब्रेकची दोन पेडल. सेन्सरही पाचच. गिअरच्या दांडीला दोन, कारण विमान वर-खाली आणि डावी-उजवीकडे तीच नेणार; रेसला एक, पेडलना एकेक, सीटला नाही. प्रत्येक सेन्सरला तीन वायरी, म्हणजे पंधरा. प्रत्येक वायरीला दोन डाख, म्हणजे तीस.

हे भाग पुंजारामकाकांचे. फुलंब्रीला अठ्ठावीस वर्षं चालवलेला त्यांचा ट्रॅक्टर भंगारात निघाला, तेव्हा त्यांनी स्वतःच पाने घेऊन ते खोलले आणि हर्सूलला आमच्या घरी आणून टाकले.

"इमान चालवायचं यंत्र करतीस ना, तनू? कर. पण खेळणं केलंस तर समदं परत नेईन."

यंत्र की खेळणं, हे ठरवायची रीतही त्यांनीच सांगितली. कॉम्प्युटरवरचं विमान ते स्वतः चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उतरवणार. डाव तीन; एकदा तरी विमान पट्टीवरच थांबलं तर यंत्र, नाहीतर खेळणं. माझं अकरा आठवड्यांचं काम त्या तीन डावांवर होतं.

रविवारी ते येण्याआधी मी सगळं तपासायला घेतलं. डावं पेडल दाबलं तर पडद्यावर डाव्या सेन्सरचा आकडा ६४०, उजव्याचाही ६४०. उजवं दाबलं तरी तेच. विमानाच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. आकडेही वेगळे यायला हवेत. मला वाटलं, वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या. ब्रेकच्या सहा वायरींचे बारा डाख काढून पुन्हा दिले. दोन तास गेले. मग खाली वाकून पाहिलं तर दोन्ही पेडलना जोडणारी एक लोखंडी कडी होती. ती काढून डब्यात टाकली. डावा ६४०, उजवा शून्य. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

अकराला काका आणि आशाकाकू आले. काका सीटवर बसले, दांडीवर हात फिरवला आणि मी काही सांगायच्या आधीच रेस कमी केली. विमान अगदी अलगद टेकलं. त्यांनी उजव्या पायानं ब्रेक दाबला. विमान गर्रकन उजवीकडे वळून गवतात शिरलं.

"काय वो," काकू म्हणाल्या, "इमान हाय का कांद्याची ट्राली?"

"तू चूप बस. जोरात दाबला गेला."

दुसऱ्या डावात त्यांनी ब्रेक अगदी हळू दाबला. विमान तितक्याच हळू उजवीकडे गेलं आणि गवतातच थांबलं.  काकू सीटचे नट मोजत होत्या, पिशवीत मावतील का ते पाहत.

काकांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय क्लचच्या जागी मोकळा पडला होता. ब्रेकची दोन्ही पेडल उजव्या पायाच्याच बाजूला शेजारी-शेजारी होती, पण पाय एकट्या उजव्या पेडलवर.

"कडी कुणी काढली?"

"मी. काका, दोन ब्रेक वेगळेच लागतात. वळायला."

"वळायला व्हय, शेतात. नांगराचं तास संपलं की एक ब्रेक दाबायचा, ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो." त्यांनी पडद्यावरच्या काळ्या पट्टीकडे बोट केलं. "ह्यो काय हाय?"

"धावपट्टी."

"डांबर हाय का नाय?"

"आहे."

"मग? डांबरी रस्त्यावर कडी घातल्याबिगर ट्रॅक्टर काढला तर माझा बाप चाबकानं मारायचा. एम.एस्सी.त हे नाय शिकवीत?"

"अहो, पोरीनं केलंय एवढं," काकू म्हणाल्या, "जरा हळू बोला की!" आणि हसून हसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मलाही हसू आवरेना.

डब्यातली कडी मी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती न बघता, नुसत्या बोटांनी बसवली. खट् असा आवाज आला. आकडे तपासले: डावा ६४०, उजवा ६४०.

तिसरा डाव. रेस कमी, नाक किंचित वर, चाकं टेकली. काकांचा उजवा पाय दोन्ही पेडलवर आडवा आला आणि सावकाश खाली गेला. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. विमान थांबलं, तेव्हा मी नोंदीची खिडकी उघडली.

चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर ६१२ मीटर. मधल्या पांढऱ्या रेषेपासून ०.४ मीटर, डावीकडे.